पॉवरवर किती प्रश्न येतात?

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बसमध्ये, लायब्ररीत, किंवा हेडफोन विसरलेल्यांसाठी. बोलण्यातले अडखळणे काढले आहे, बाकी जसे बोललो तसे.)

नागपुरातून तुमच्याशी बोलतोय. बाहेर ऊन काय म्हणतंय ते सांगायची गरज नाही. मागे जो घरघर आवाज येतोय तो कूलरचा आहे. तो बंद करून रेकॉर्ड करायचा प्रयत्न केला, पण चार मिनिटांत शर्ट ओला झाला. तर आज कूलरसकट ऐकून घ्या. तसाही आजचा विषय विजेचाच आहे.

झालं असं, की माझी मामेबहीण बारावीला आहे. बोर्ड, सीईटी, नीट, तिन्ही डोक्यावर. रात्री साडेअकराला तिचा फोन. "दादा, इलेक्ट्रिकल पॉवरवर किती प्रश्न येतात रे? कमी येत असन तं ऑप्शनला टाकून देते."

'ऑप्शनला टाकणे' हा आपल्याकडचा मोठा जुना आणि सन्माननीय प्रकार आहे. मीही केलाय. धडा मोठा, मार्क कमी, वेळ त्याहून कमी, मग टाका ऑप्शनला. तिला मी म्हटलं, "थांब, उद्या मोजून सांगतो." सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे ना, म्हटलं हे तर अर्ध्या तासाचं काम. जुन्या प्रश्नपत्रिका गोळा करायच्या, एक छोटी स्क्रिप्ट लिहायची, 'पॉवर' हा शब्द शोधायचा, मोजायचा, संपलं.

स्क्रिप्ट चालली. उत्तरही आलं. आणि ते साफ चुकीचं होतं.

शब्द मोजला, विषय सुटला

पहिली गंमत अशी की 'पॉवर' म्हणून जे सापडलं त्यातलं बरंच विजेचं नव्हतंच. भिंगाची पॉवर, ती डायॉप्टरमध्ये. दुर्बिणीची रिझॉल्व्हिंग पॉवर, ती वेव्ह ऑप्टिक्समध्ये. दहाची अमुक पॉवर, ते तर गणित झालं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. जे प्रश्न खरोखर विद्युतशक्तीचे होते, त्यांतल्या कितीतरी प्रश्नांत 'पॉवर' हा शब्दच नव्हता. उदाहरण सांगतो. जेईई मेन २०१४ च्या पेपरमध्ये एक प्रश्न होता. एका मोठ्या इमारतीत ४० वॅटचे १५ बल्ब, १०० वॅटचे ५ बल्ब, ८० वॅटचे ५ पंखे आणि १ किलोवॅटचा एक हीटर आहे. पुरवठा २२० व्होल्टचा. तर मेन फ्यूज कमीत कमी किती अँपिअरचा लागेल?

आता बघा. प्रश्नात फ्यूज विचारलाय, अँपिअर विचारलेत. माझी स्क्रिप्ट त्याच्यावरून सरळ पुढे निघून गेली. पण हा अख्खा प्रश्न पॉवरचाच आहे. बेरीज करा: ६०० अधिक ५०० अधिक ४०० अधिक १०००, म्हणजे २५०० वॅट. भागिले २२०, म्हणजे ११.३६ अँपिअर. म्हणून फ्यूज १२ अँपिअरचा. २५०० वॅट हा आकडा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ च्या जेईई मेनला काय होतं? एका खोलीला १२० व्होल्टचा पुरवठा, तारांचा रेझिस्टन्स ६ ओहम. ६० वॅटचा बल्ब चालू आहे. आता २४० वॅटचा हीटर समांतर लावला, तर बल्बवरचं व्होल्टेज कितीने घटेल? उत्तर साधारण १०.४ व्होल्ट. इथे विचारलं व्होल्टेज.

त्याच्याही आदल्या वर्षी, २०१२ ला, जेव्हा परीक्षेचं नाव एआयईईई होतं, तेव्हा २५ वॅटचा आणि १०० वॅटचा असे दोन बल्ब एकसर जोडून ४४० व्होल्टला लावले होते. दोन्ही बल्ब २२० व्होल्टचे. कोणता उडेल? बहुतेकांना वाटतं मोठा उडेल. उडतो लहान. कारण लहान वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स जास्त. २५ वॅटवाल्याचा १९३६ ओहम, १०० वॅटवाल्याचा ४८४. धारा दोघांतून एकच, त्यामुळे ४४० पैकी ३५२ व्होल्ट लहान बल्बवर येतात. त्याची झेप २२० ची. उडणारच.

तीन वर्षं, तीन पेपर. एकदा बल्ब उडाला, एकदा व्होल्टेज पडलं, एकदा फ्यूज निवडायचा होता. तिन्हींच्या पोटात एकच वाक्य: पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. मामेबहिणीला मी हेच सांगितलं. "तू 'पॉवर' शोधत बसशील तर तुला कमी दिसेल. तो दर वर्षी वेगळा सदरा घालून येतो."

बोर्डाचा हिशोब

आता 'दादा, ते सगळं ठीक आहे, मार्क सांग' असं म्हणणाऱ्यांसाठी मार्क सांगतो.

महाराष्ट्र बोर्डाचा बारावीचा फिजिक्सचा लेखी पेपर ७० मार्कांचा. पण त्यात 'कोणतेही आठ सोडवा' असे पर्याय असतात, ते सगळे धरले तर पेपरवर छापलेले प्रश्न होतात ९८ मार्कांचे. या वाटपात करंट इलेक्ट्रिसिटीला ४ मार्क, पर्यायांसह ६. इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शनला ५, पर्यायांसह ७. एसी सर्किट्सला ४, पर्यायांसह ६. तिन्ही मिळून ७० पैकी १३, किंवा ९८ पैकी १९. जवळपास पाचवा हिस्सा.

पण इथे एक खाच आहे. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या करंट इलेक्ट्रिसिटीच्या धड्यात किर्चहॉफ आहे, व्हीटस्टन ब्रिज आहे, पोटेन्शिओमीटर आहे, गॅल्व्हानोमीटरचा अमीटर कसा करायचा ते आहे. पॉवर मात्र तिथे वेगळं प्रकरण म्हणून बसलेली नाही. ती अकरावीत येऊन गेली. बारावीत ती एसी सर्किट्सच्या धड्यात भेटते, पॉवर फॅक्टर आणि वॅटलेस करंट अशा नावांनी. आणि इंडक्शनच्या धड्यात ट्रान्सफॉर्मरमध्ये भेटते, जिथे आदर्श ट्रान्सफॉर्मरला जेवढी पॉवर दिली तेवढीच बाहेर येते.

म्हणजे 'करंट इलेक्ट्रिसिटी केलं म्हणजे पॉवर झालं' असं समजणारा फसतो. आणि 'एसी अवघड आहे, ऑप्शनला टाकतो' म्हणणारा पॉवरच टाकून बसतो, त्याला कळतही नाही.

सीईटीत फिजिक्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक मार्क, निगेटिव्ह नाही. त्यात साधारण ८० टक्के भर बारावीवर. नीटमध्ये फिजिक्सचे ४५ प्रश्न, प्रत्येकी ४ मार्क, चुकलं तर एक वजा. नीट आणि जेईई मेन दोन्हींच्या अभ्यासक्रमात करंट इलेक्ट्रिसिटीखाली विद्युत ऊर्जा आणि शक्ती स्पष्ट लिहिलेली आहे, आणि एसीखाली एसी सर्किटमधली पॉवरही. तर तिन्ही परीक्षा धरल्या तर हा विषय टाकून देण्यासारखा नाही, एवढं तर झालं.

नाव बदललं की ओळख जाते

आता मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी खास. मी स्वतः त्यातलाच.

दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये चौथा धडा आहे 'विद्युतधारेचे परिणाम'. पेपर ४० मार्कांचा, धडे दहा. त्या धड्याच्या स्वाध्यायात गणितं चार आहेत, आणि चारही शक्ती किंवा ऊर्जेची. १०० वॅट दराने उष्णता निर्माण होते, धारा ३ अँपिअर, तर रोध किती? १०० आणि ६० वॅटचे बल्ब समांतर, तर मुख्य तारेतून धारा किती? ५०० वॅटचा टीव्ही अर्धा तास की ६०० वॅटचा हीटर वीस मिनिटं, जास्त वीज कोण खाईल? आणि चौथं, ११०० वॅटची इस्त्री रोज दोन तास, एप्रिल महिन्याचं बिल किती, युनिटला ५ रुपये धरून? उत्तर ३३० रुपये.

शास्त्रीय कारणं बघा: बल्बमध्ये टंगस्टनच का, इस्त्रीत नायक्रोमच का, वीज वाहून न्यायला तांबं किंवा ॲल्युमिनिअमच का, ज्यूलऐवजी किलोवॅट-तास का वापरतात. सगळी याच घरातली भावंडं.

म्हणजे दहावीत आपण हे पक्कं केलेलं असतं. मग अकरावीत पुस्तक इंग्रजीत येतं. रोधाचा रेझिस्टन्स होतो, विभवांतराचं पोटेन्शियल डिफरन्स होतं, शक्तीची पॉवर होते, आणि आपल्याला वाटतं, बापरे, हे सगळं नवीन आहे. नवीन काहीच नसतं. शेजारचेच काका शहरात जाऊन टाय लावून उभे असतात. मला हे कळायला अकरावीचं अख्खं वर्ष गेलं. कुणी पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी तुम्हाला सांगतोय. एक कागद घ्या, डावीकडे दहावीचे मराठी शब्द, उजवीकडे अकरावीचे इंग्रजी. वीस-पंचवीस शब्द होतील. टेबलासमोर चिकटवा.

माझा पेपर

आता त्या २५०० वॅटकडे येतो.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, इथेच नागपुरात, एका जुन्या घरात दोघं मिळून खोली भाड्याने घेतली होती. डिसेंबर होता. बाहेरच्यांना वाटतं नागपुरात फक्त ऊन असतं, पण डिसेंबरच्या सकाळी इथे बादलीत हात घालवत नाही. त्या दिवशी कॉलेजात प्लेसमेंटचा इंटरव्ह्यू. बादलीत हीटरचा रॉड टाकला, १५०० वॅटचा. तो लावला एक्स्टेन्शन बोर्डावर, कारण भिंतीतलं सॉकेट लांब. शर्टाला इस्त्री करायची होती, १००० वॅटची. ती पण त्याच बोर्डावर.

१५०० आणि १०००. करा बेरीज.

२५०० वॅट, आपल्याकडे २३० व्होल्ट, म्हणजे जवळपास ११ अँपिअर. बोर्ड होता ६ अँपिअरचा. आणि उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे ज्यूलनं सांगून ठेवलंय आणि मी दहावीत पाच वेळा लिहिलंय. धारा पावणेदोन पटीहून थोडी जास्त, म्हणजे उष्णता सव्वातीन पट. त्यात बोर्डाचं सॉकेट ढिलं. ढिल्या जागी रेझिस्टन्स जास्त, म्हणजे सगळी उष्णता तिथेच.

पहिल्यांदा मासळी जळल्यासारखा वास आला. मग पिन काळी पडली. मग बोर्डाचं प्लास्टिक मऊ होऊन खाली वाकलं. मी मूर्खासारखा पिन ओढायला गेलो. माझा रूममेट ओरडला, "हात लावू नको बे!" आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला.

फ्यूज उडाला का नाही? संध्याकाळी उघडून बघितलं. आधीच्या कुणीतरी फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती. सारखा फ्यूज जातो म्हणून. म्हणजे घराचा पहारेकरी झोपवून ठेवलेला. वायर पेटली असती तरी तो हलला नसता.

जेईईच्या त्या इमारतीत २५०० वॅट होते, माझ्या खोलीतही २५०० वॅट होते. तो प्रश्न मी क्लासमध्ये कितीदा सोडवला असेन. एका मिनिटात. ज्या दिवशी तो समोर आला, त्या दिवशी ओळखलाच नाही, कारण खाली चार पर्याय छापलेले नव्हते.

इंटरव्ह्यूला चुरगळलेला शर्ट घालून, थंड पाण्याने आंघोळ करून गेलो. नोकरी लागली, ती गोष्ट वेगळी. पण लागली नसती तरी चाललं असतं, असं मला आता वाटतं. खोलीत आम्ही दोघं होतो आणि खाली घरमालकांचं कुटुंब.

घरचं बिल हाही पेपरच

म्हणून मामेबहिणीला मी दुसरं काम दिलं. म्हटलं, "मामीकडून लाईट बिल माग."

दहावीच्या गणितात युनिटला सरळ ५ रुपये असतात. खऱ्या बिलात टप्पे असतात: पहिले १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग, ५०० च्या वर सगळ्यात महाग. वर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क. आपल्या घरी सगळ्यांना वाटतं, ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटला वाढीव दर लागतो. तसं नाही. वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. कोडिंग करणाऱ्यांनो, ही साधी इफ-एल्सची साखळी आहे, लिहून बघा. तिने वहीतच केली, मामीला समजावून सांगितली, आणि मामी म्हणाली, "एवढे दिवस शाळेत हे का नाही शिकवत?" शिकवतात मामी. आम्ही मार्क घेतो आणि पुढे जातो.

इस्त्रीच्या गणितातही एक मेख आहे. खरी इस्त्री दोन तास सलग ११०० वॅट खात नाही. तापली की थर्मोस्टॅट बंद करतो, थंड झाली की चालू करतो. म्हणजे ३३० हा वरचा आकडा. हा विचार पेपरात लिहू नका, मार्क जातील. पण डोक्यात ठेवा.

पॉवर फॅक्टरचं पण तसंच. 'कॉस फाय' म्हणजे काय करायचंय, असं वाटतं ना? महावितरणने २०२० पासून उच्चदाब उद्योगांना केव्हीएएचवर बिल लावलं. म्हणजे बुटीबोरी, हिंगण्यातल्या मोठ्या कारखान्याचा पॉवर फॅक्टर खराब असेल, तर न वापरलेल्या विजेचेही पैसे जातात. त्यासाठी कपॅसिटर बसवतात. बारावीच्या एसीच्या धड्यातला कपॅसिटर तिथे खरे पैसे वाचवतो.

आणि कोराडी. आपण देवीला जातो तेव्हा त्या चिमण्या दिसतातच. तिथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. एका संचाची वीज २३० व्होल्टनेच पाठवायची ठरवली तर, तीन फेजचा हिशोब बाजूला ठेवून ढोबळ मानाने, २८ लाखांहून जास्त अँपिअर लागतील. तेच ४०० किलोव्होल्टवर १६५०. त्याच तारेत होणारा तोटा धारेच्या वर्गाने, म्हणजे जवळपास ३० लाख पटीने कमी. 'वीज उच्च दाबाने का वाहून नेतात' या दोन मार्कांच्या प्रश्नाचं उत्तर शेतातून जाणाऱ्या त्या मोठ्या टॉवरांवर लटकलेलं आहे.

मग करायचं काय?

पटकन सांगतो, लिहून घ्या.

एक. पॉवरची तीन रूपं पाठ: व्ही गुणिले आय, आय वर्ग गुणिले आर, व्ही वर्ग भागिले आर. एकसर जोडणीत धारा समान, म्हणून आय वर्गवालं. समांतरमध्ये व्होल्टेज समान, म्हणून व्ही वर्गवालं. बल्बचे निम्मे प्रश्न इथेच संपतात.

दोन. बल्बवर छापलेले वॅट हे फक्त छापलेल्या व्होल्टेजला खरे. आधी रेझिस्टन्स काढा, मग पुढे जा.

तीन. जुने पेपर सोडवताना शब्द शोधू नका. वॅट, युनिट, फ्यूज, बल्ब, हीटर, ट्रान्सफॉर्मर, पॉवर फॅक्टर, यातलं काही दिसलं की कोपऱ्यात पेन्सिलने 'श' लिहा, शक्तीचा. दहा पेपर झाले की मोजा. तुमचा आकडा माझ्या स्क्रिप्टपेक्षा खरा असेल.

चार. एसी पूर्ण नाही झालं तरी पॉवर फॅक्टर, वॅटलेस करंट आणि रेझोनन्स एवढं सोडू नका.

पाच. आज घरी गेल्यावर एक्स्टेन्शन बोर्डाची मागची बाजू वाचा. तिथे अँपिअर लिहिलेले असतात. त्याला २३० ने गुणा. त्यावर लावलेल्या सगळ्या वस्तूंचे वॅट बेरजेला घ्या. रॉड, गिझर, इस्त्री, एसी १६ अँपिअरच्या भिंतीतल्या सॉकेटवर, आणि एका वेळी एकच. जुनं घर असेल तर फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार नाही ना, हे इलेक्ट्रिशियनला बोलावून बघून घ्या. स्वतः उघडू नका.

परवा मामेबहिणीचा परत फोन आला. मला वाटलं एसीची शंका असेल. म्हणाली, "दादा, आमच्या खालच्या काकूंनी मिक्सर, फ्रिज आणि ओव्हन एकाच बोर्डावर लावलेलं होतं. मी मोजून दाखवलं. त्यांनी ओव्हन काढला." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि हो, पॉवर ऑप्शनला नाही टाकत."

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या बोर्डाच्या मागे किती अँपिअर निघाले ते व्हॉइस नोट करून पाठवा. आणि जो मित्र सगळंच ऑप्शनला टाकतो, त्याला हा भाग आवर्जून पाठवा. मी आता कूलरमध्ये पाणी टाकतो. पंप आधी बंद करून. भेटू पुढच्या भागात!